नेमाचं पातेलं

१२ डिसेंबर २००६, मंगळवार

सकाळी ओपीडीत गेले. तीन पेशंटना प्रश्नावली वाचून दाखवली. डबा तसाच परत आणला. पाचच्या बसने नाशिकरोडला आले. खिडकीशी लिहायला बसलेय, अजून दिवा लावलेला नाही.

आई,

तू गेलीस तेव्हा मी या हॉस्पिटलमध्ये लागलेही नव्हते, म्हणून आधी काम सांगते. मी इथे पेशंटशी आणि त्यांच्या घरच्यांशी बोलण्याचं काम करते. मणक्याच्या दुखण्यानंतर काही जणांना लघवी आपली आपण होत नाही. दिवसातून चार-पाच वेळा स्वतःच्या हाताने नळी घालून ती काढावी लागते, आणि नळी दर वेळी पाण्यात उकळून घ्यावी लागते. अशा लोकांना त्याचा किती त्रास होतो, लाज वाटते का, गावाला जाता येतं का, हे विचारणारी एक इंग्रजी प्रश्नावली आहे. आमचे डॉक्टर ती मराठीत आणतायत. दोघांनी वेगवेगळं भाषांतर केलं, त्यातली एक मी. तिसऱ्याने आमचं मराठी पुन्हा इंग्रजीत नेलं, अर्थ हललाय का ते बघायला. आता पेशंटना वाचून दाखवायचं, आणि काही दिवसांनी तेच पुन्हा विचारायचं. उत्तरं जुळली तर प्रश्न भरवशाचा.

त्यात एक प्रश्न आहे, 'तुम्ही ही गोष्ट घरातल्या लोकांपासून लपवता का?' आतापर्यंत सगळ्यांनी 'नाही' सांगितलं. दुसऱ्यांदा विचारलं तरी 'नाही'. डॉक्टर म्हणाले, "हा काढून टाकू. आपल्याकडे कोणी लपवत नाही, कशाला उगाच ठेवायचा?" मलाही पटलं होतं. माझ्या लक्षातच आलं नाही की आपल्याकडे पेशंट एकटा येतच नाही. उत्तर देताना कोणी ना कोणी शेजारच्या खुर्चीवर बसलेलं असतं.

आज मखमलाबादकडची एक बाई आली होती. घरची फुलशेती. नवरा बरोबर. तिनेही 'नाही'च सांगितलं. मग नवरा टेम्पोतल्या झेंडूच्या क्रेटवर ऊन आलं का बघायला बाहेर गेला. दार लागल्याबरोबर ती पुढे सरकली.

"ताई, तो मघाचा प्रश्न हाय ना, लपवायचा, तो पुन्हा विचारा."

मी विचारला.

"लपवते. यांना ठावं हाय, पण सासूबाईंना नाय, नणंदांना नाय. यांच्यासमोर कसं सांगू? त्यांच्या आईला नाव ठेवल्यासारखं व्हतं."

"मग घरात नळी उकळता कशी?"

ती हसली. "देवीचा नेम धरलाय म्हनून सांगितलंय. वणीच्या. नेमाचं पातेलं येगळं. त्याला कोनी हात लावायचा नाय, अन् मी दार लावलं का हाक मारायची नाय. देवीचं म्हनलं का कोनी इचारत बी नाय बघा."

आई, मी कागदावर 'नेमाचं पातेलं' एवढंच लिहिलं.

"ही युक्ती तुम्हाला सुचली?"

"छे! वार्डातल्या त्या म्हाताऱ्या सिस्टर होत्या ना, आता रिटायर झाल्या, त्यांनी शिकवली. मी रडत होते, सासरी कसं करू म्हनून. तर म्हनल्या, मागं एकलहऱ्याच्या कॉलनीतल्या एक बाई होत्या, त्या असं करायच्या, तू बी कर. लय डोक्याची बाई. त्यांची पोरगी लग्नाची होती. आईला असलं काही हाय कळलं तर पोरीला कोन करून घेईल? म्हनून गप. सिस्टरला म्हनायच्या, पोरीचं लगीन झालं का पहिलं तिला सांगीन, अन् मग पातेलं ओट्यावर आनून सगळ्यांच्या समोर उकळीन."

पदराने तोंड झाकून ती पुन्हा हसली. मग म्हणाली, "झालं असंल आता. नातवंडं बी असतील त्यांना."

मी म्हटलं, "हो, असतील."

तेवढ्यात नवरा आला. मी पुढचा प्रश्न वाचला.

तुझं पाठीचं ऑपरेशन याच हॉस्पिटलमध्ये झालं तेव्हा मी कॉलेजला होते. तू एकलहऱ्याच्या घरी आलीस आणि महिन्याभरात तुझा नेम सुरू झाला. आम्हाला वाटलं, जिवावरचं टळलं म्हणून देवीला बोललेली असशील. झाकणाचं ते लहान पातेलं, मोरीतल्या वरच्या फळीवर. आत्या यायच्या तेव्हा चिडवायच्या, "वहिनी, देवीला दुसरी कामं नाहीत का? दिवसातून चार वेळा बोलावणं!" तू पोळी लाटता लाटता म्हणायचीस, "वन्सं, तुम्हाला एकदाही बोलावत नाही, त्याला मी काय करू?" आपल्या बहिणीचं तोंड बंद झालेलं बघून दादा हसून हसून खोकायचे. दादांना ठाऊक होतं, हे मला आज बसमध्ये कळलं. तू आत गेलीस की ते पेपर घेऊन मोरीच्या दाराशी खुर्ची टाकायचे. तिथे उजेड येत नाही म्हणून मी किती वेळा त्यांना खिडकीशी बसा म्हटलं. "इथंच बरं वाटतं," म्हणायचे. आता विचारावं तर तेही नाहीत.

एकदा मी त्या पातेल्यात चहा टाकला होता. घरात दुसरं भांडं घासलेलं नव्हतं. तू माझ्या हातातून ते हिसकावलंस, उकळता चहा मोरीत ओतलास, आणि मला म्हणालीस, "तुला शिकवून काय उपयोग झाला?" तू असं कधी बोलायची नाहीस. मी दोन दिवस अबोला धरला. शिकलेल्या मुलीने देवीच्या भांड्यात चहा केला एवढंच तुझं दुःख, असं मी समजले.

आणि ते सिन्नरचं स्थळ. माणसं सकाळी आली आणि जेवूनही उठेनात. तू भिंतीला टेकून बसली होतीस. मी पानं उचलताना पाहिलं, तुझ्या कपाळावर घाम, ओठ पांढरे, आणि तू मुलाच्या आईला माझ्या भरतकामाचं सांगतेयस. शेवटी "माझी नेमाची वेळ झाली," म्हणून उठलीस, तेव्हा त्या बाई म्हणाल्या, "घर देवभोळं दिसतंय हो." त्यांचा होकार आला. मी नाही म्हटलं. त्या दिवशी तू नेमाला जास्त वेळ आत राहिलीस. त्यानंतरही स्थळं आली, मीही तेच म्हणत राहिले, आणि मग एका दुपारी तुझं हृदय थांबलं. दहाव्यानंतर आत्यांनी ते पातेलं नेमाचं म्हणून गोदावरीत सोडलं. मी शेजारी उभी होते.

डॉक्टरांना सांगून आले की तो प्रश्न काढायचा नाही. नातेवाइकांना बाहेर बसवून सगळ्यांना पहिल्यापासून विचारायचं. ते म्हणाले, "काय झालं? बरं नाही का तुम्हाला?" मी म्हटलं, ऊन लागलं. डिसेंबरात.

एक गोष्ट सांगायची आहे, आई. तू ज्याच्यासाठी थांबली होतीस ते होणारच नव्हतं. मला मुलगा पसंत नाही असं मी दर वेळी म्हणायचे, पण मला लग्नच करायचं नव्हतं. पहिल्या स्थळाच्या आधीपासून. तू कॉलनीतून फुलदाणी मागून आणायचीस, पडदे धुवायचीस, ते बघून मला तोंड उघडवत नव्हतं. हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. तुलाही हे कागदावरच.

गच्चीवर कपडे राहिलेत. या दिवसांत अंधार पडला की दमट होतात. जाऊन काढते.