आईनं गॅस बंद केला

रविवार, संध्याकाळ, अंथुर्णे

अजून डोक्यातून जात नाहीये. परदेशातल्या एअर शोमध्ये महायुद्धातली दोन जुनी विमानं हवेतच धडकली. मी मोबाईलवर परत परत बघत होतो, कुठलं मॉडेल, कसं वळलं. भजी तळता तळता आईनं मागून बघितलं.

"आतली माणसं रं?"

"गेली."

तिनं लगेच गॅस बंद केला. गावात मयत झाली की आमच्याकडं तळणाची कढई ठेवत नाहीत. पण ही माणसं कुठली, कोण? मी मात्र मॉडेलच बघत बसलो होतो.

आजच तिला विचारायचं होतं. आता कसं? तरी विचारलं, "बारामतीला विमान शिकायला जाऊ?"

तिनं तळलेली भजी झाकून ठेवली. मग म्हणाली, "जा. पर खाली उतरलास की फोन करायचा. तवर मी जेवायची न्हाय."

हो म्हणालो. रोज उपाशी बसेल का ती?