लिंबाखालचं यंत्र

दुसरी फाइल उघडते आहे, आबा. पहिली माझ्या काठीवरच्या यंत्राची होती. तीत सकाळपासून संध्याकाळपर्यंत नऊ उपग्रह, एकही ओळ तुटलेली नाही. ही तुमच्या यंत्राची, तिवईवरच्या, ज्याला तुम्ही मला हात लावू दिला नाहीत. सगळी मोजणी त्याच्या जागेवरून धरायची असते. यंत्र आपलं आपण लिहून ठेवत असतं: कोणता उपग्रह दिसतो, आकाशात किती उंचीवर, त्याचा सिग्नल किती जोराचा. तुम्हाला हे माहीत नव्हतं. असतं तर त्याचं मेमरी कार्ड तुम्ही कपाटात राहू दिलं नसतं.

बारा वाजून सहा मिनिटांपर्यंत सगळं ठीक आहे. मग साडेतीन मिनिटं सगळ्याच उपग्रहांच्या ओळी तुटतात. यंत्र चालू आहे आणि कोणीतरी ते उचलून नेतं आहे. पुन्हा बसवल्यावर डोक्यावरचे उपग्रह अंधूक, येतात, जातात, पुन्हा येतात. पश्चिमेला खाली टेकलेले दोनच स्वच्छ. भिंत आड आली तर एका बाजूचे जातात ते जातातच. वरचे असे गळत राहतात ते पानांमुळे. सांगोल्याला आपण ज्या मेंढपाळाचं रान मोजत होतो तिथे एकच झाड होतं, कडुलिंबाचं. तुमचा हात जुन्या दुर्बिणीच्या यंत्रावर तयार झालेला, त्याच्यावर उन्हात छत्री धरायची असते. उपग्रहांच्या यंत्रालाही तुम्ही तोच नियम लावलात. ऊन डोक्यावर आलं, लिंबाखाली बाज टाकलेली होती, चहा आला होता. तुम्ही तिवईसकट यंत्र सावलीत नेलंत आणि त्याची जागा नव्याने नोंदवलीत. पानांमुळे ती पाच फूट चुकली. जेवणानंतर मोजलेला पश्चिमेचा बांधही तेवढाच सरकला, मेंढपाळाच्या रानात. पलीकडे डाळिंबाची बाग होती, तिला पाच फूट मिळाले.

त्या संध्याकाळी आपण पडताळ्यासाठी सकाळी मोजलेल्या पहिल्या दगडावर परत येतो. आकडा जुळत नाही, पाच फुटांचा फरक. दोन्हीकडची माणसं गोल करून उभी आहेत. तुम्ही माझ्या हातातली काठी काढून घेता आणि माझ्याकडे न बघता त्यांना सांगता, "हिला काठी सरळ धरता येत न्हाय. सकाळचं सोडून द्या, दुपारचं धरा." काही जण हसतात. मी बावीस वर्षांची, स्थापत्याची पदविका घेतलेली. काठी दोन मीटरची असते, आबा. तिच्या टोकाला पाच फुटांची चूक करायची तर ती निम्म्याहून जास्त आडवी करावी लागते. एवढं गणित तुम्हाला येत होतं. पुन्हा मोजायला लागू नये म्हणून तुम्ही मला पुढे केलंत. त्या रात्री जेवताना तुम्ही आईला सांगितलंत की पोरीचा हात थरथरतो. आईने तुम्हाला आणखी एक भाकरी वाढली. दुसऱ्या दिवसापासून मी शुक्रवार पेठेतल्या आपल्या ऑफिसात नकाशे काढत बसले, तुम्ही जाईपर्यंत. हे मोजणीचं काम तुम्ही मला दिलं नाहीत. घ्यायला दुसरं कोणी नव्हतं.

त्या पाच फुटांतून मेंढरं ओढ्याला पाण्यावर जायची. बागवाल्यांनी कुंपण घातल्यावर ती डांबरी रस्त्याने वळसा घेऊन जाऊ लागली. एका उन्हाळ्यात चार मेंढ्या टँकरखाली गेल्या. मेंढपाळ आता म्हातारे झालेत. मागच्या आठवड्यात ते एकटेच ऑफिसात आले, म्हणाले, डोळ्यांदेखत एकदा नीट मोजून दे. मी मोजलं. बागवाल्यांनी माझा आकडा ऐकून घेतला आणि विचारलं, "तुमच्याच वडलांनी रोवलाय की दगड. मग खोटं कोण, ते का तुमी?" तुमची चूक कुठे झाली ते लेखी दाखवलं तर दगड हलवू देतो, असं ते म्हणाले. म्हणून तुमचं कार्ड काढलं. अहवाल लिहून झाला आहे. त्यात तुमचं नाव आहे, वेळ आहे, झाड आहे. लिहिताना मला जराही वाईट वाटलं नाही.

एक गोष्ट अहवालात नाही. यंत्राचं माहितीपुस्तक इंग्रजीत होतं आणि तुमच्यासाठी ते मी वाचलं होतं. त्यात झाडाखाली ठेवलेल्या तिवईचं चित्र होतं, वर फुली मारलेली. ते पान मी तुम्हाला वाचून दाखवलं तेव्हा तुम्ही ऐकत नव्हतात. त्या दुपारी मी बांधावर काठी धरून उभी होते आणि तुम्ही यंत्र उचलताना मला दिसलात. हाक मारली असती तर ऐकू गेली असती. मी मारली नाही. चारचौघांत तुम्ही एकदा चुकावं, एवढंच मला हवं होतं. चूक माझ्यावर येईल हे मला सुचलं नाही, आणि मेंढपाळाचा तर मी विचारही केला नव्हता. हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून इथे लिहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अहवाल घेऊन सांगोल्याला गेले. बागवाल्यांनी अहवाल दोनदा वाचून सही केली. नंतर मेंढपाळांना बाजूला घेऊन मी ही राहिलेली गोष्ट सांगितली. ते पहार घेऊन दगड उकरायला लागले, आणि मी मदतीला वाकले तेव्हा, "ऱ्हाऊ दे," म्हणाले.