जुन्या गोदीवर रितेशचा पराभव: संपूर्ण योजना

३ जून, सकाळी ११.१०
रितेशने मला मोबाइल गेमच्या टीममधून काढले. पाचवीपासून एका बाकावर बसलो, पण तोंडावर सांगायची हिंमत नाही. ग्रुपवर टाकले: आजपासून पाचवा चिराग. चिराग म्हणजे त्याचा मावसभाऊ. मोकळ्या मैदानातही भिंत शोधून तिला धडकतो.
फोन करून कारण विचारले. म्हणाला, भाव्या, मॅच चालू असताना तू वहीत लिहीत बसतोस, तोवर आम्ही मरतो. साफ खोटे. मी फक्त महत्त्वाचे तेवढेच लिहितो.
सूड घेणार. ही वही त्यासाठीच. मासेमारी बंदीमुळे बोटी किनाऱ्याला लागल्यात, त्यामुळे बर्फाच्या कारखान्यातले माझे रजिस्टर कोरे आहे. ३१ जुलैपर्यंत पूर्ण वेळ सुडाला देता येईल.

४ जून
एसटी स्टँडमागच्या गेमिंग कॅफेची टूर्नामेंट २७ जुलैला. फायनलचा मॅप जाहीर झाला: जुनी गोदी. हा मॅप मला आमच्या परसापेक्षा जास्त माहीत आहे. नोंदी:
हल्ला करणाऱ्यांनी गाडी गेटपासून दीपगृहापर्यंत न्यायची. गाडीजवळ उभे राहून ढकलायचे बटण दाबून ठेवले तरच ती चालते. तिघे असले तर मीटरला एक सेकंद. एकटा असला तर तीन. वेळ संपली की बचाव करणारे जिंकले.
रितेश कायम पुलावर स्नायपर घेऊन बसतो. चिराग जिन्याखाली लपतो आणि बाहेर यायचे विसरतो.
हरल्यावर रितेशने सर्वांसमोर म्हणायचे वाक्य: भावेश, माझी चूक झाली, परत ये. मी तीन दिवस विचार करेन आणि नाही म्हणेन. (दोन दिवसही पुरेत.)

९ जून
टीम झाली. बरोबरीची मुले रितेशला घाबरतात म्हणून अनुभवी माणसे निवडली. कारखान्यासमोर जाळी दुरुस्त करत बसणारे केरूकाका, बोटीचे तांडेल म्हणजे कप्तान, वय बावन्न. त्यांच्या बोटीवरचे खलाशी रघू आणि बाबू. पाचवी माझी बहीण पूर्वी, बारावीची, नाइलाज म्हणून. तिची अट: टूर्नामेंटपर्यंत तिची स्कूटी मी धुवायची. मान्य केली. सुडाला किंमत असते.
केरूकाकांना ढालवाला दिला. त्यांनी विचारले, मी ढाल घेऊन नुसता उभा, मग मारायचा कोणी?

१५ जून, संध्याकाळी ६
पहिला सराव. योजना क्र. १: रघू गोदामाच्या छपरावर, बाबू पुलाखाली, पूर्वी हीलर, मी नियंत्रण.
प्रत्यक्षात: सगळे गाडीवर, केरूकाकांच्या ढालीमागे, दाटीवाटीने.
रघूला विचारले, छपरावर का गेला नाहीस? म्हणाला, तांडेल खाली नि मी वर? बाबू म्हणाला, बोटीवर हुकूम एकाचाच. मी म्हटले, इथे हुकूम माझा. दोघांनी केरूकाकांकडे पाहिले. केरूकाका म्हणाले, अरे मेल्यांनो, पोर सांगतो तसा करा. तेव्हा हलले. छपरावर गेले, खाली पाहिले, परत गाडीवर आले.
पूर्वी हसत होती. स्कूटी उद्या नाही, परवा धुणार.

२ जुलै
अकरा मॅच. नऊ हरलो, दोन जिंकलो. जिंकलो त्या दोन्ही वेळा सगळे गाडीवरच होते. योजना क्र. ६ मध्ये हे मी आधीच धरले होते (आज लिहिले, पण डोक्यात होते).
पूर्वी म्हणते, दादा, तू लिहितोस तेव्हा तुझा हिरो नुसता उभा असतो, मी बरे करून करून थकले. रितेशची भाषा घरात शिरली आहे. लक्ष ठेवावे लागेल.

१३ जुलै
वडापावच्या गाडीवर रितेश भेटला. म्हणाला, कसा आहेस? मी म्हटले, कळेल. हे उत्तर आरशासमोर आठवडाभर बसवले होते. त्याला समजले नाही बहुतेक. म्हणाला, वडापाव खातोस? खाल्ला. पण एक शब्द बोललो नाही. चटणी जास्त मागितली, ती गाडीवाल्याकडे.

२७ जुलै, दुपारी ४
सेमीफायनल: समोरची टीम आलीच नाही. आमची धास्ती पसरली आहे.
फायनल सात वाजता. समोर रितेश. हल्ला आमचा. योजना क्र. ९. आज तो ते वाक्य म्हणणार.

२७ जुलै, संध्याकाळी ७.५५
हरलो. कारण: केरूकाका.
सविस्तर: गाडी दीपगृहापासून अठरा मीटरवर. एक मिनिट बाकी. रितेशचा स्नायपर मी स्वतः पाडला (पूर्वी म्हणते तिने). तेवढ्यात चिरागचा फोन तापून बंद पडला. तो ओरडला, मेलो रे, फोन गेला! कॅफेचा नियम स्पष्ट आहे, भिंतीवर लावलाय: मॅच थांबणार नाही.
केरूकाकांनी फोन टेबलावर पालथा ठेवला. मी म्हटले, काका, ढकला! म्हणाले, त्याचा इंजिन बंद पडलाय. समोरच्याची बोट बंद पडली की आपण जाळा ओढत नाय. रघूने फोन ठेवला. बाबूने ठेवला. पूर्वीनेसुद्धा. मी सांगितले, काका, हा दर्या नाही, गेम आहे. म्हणाले, माणसा तीच हायत ना?
आणि मग रितेशने फोन ठेवला. त्याच्या बाकीच्या तिघांनीही. सगळी जेटीवरचीच पोरे, तांडेलासमोर कोण खेळणार.
मी ठेवला नाही. नियम नियम असतो. अख्ख्या जुन्या गोदीवर मी एकटा, समोर एकही शत्रू हलत नव्हता. गाडी ढकलली. नऊ जण माझ्याकडे बघत होते. दीपगृहाच्या अलीकडे पाऊण मीटरवर वेळ संपली.
कोणी टाळी वाजवली नाही. कोणी हसलेही नाही. हसले असते तर बरे. केरूकाका उठून चिरागचा फोन पंख्याखाली धरून उभे राहिले.
रितेशने ते वाक्य म्हटले नाही. म्हणाला, भाव्या, चहा घेणार?
नाही म्हटले. दोन दिवसही विचार केला नाही.

२९ जुलै
रितेशने चिरागला काढून पूर्वीला टीममध्ये घेतले. पूर्वी हो म्हणाली. मला विचारलेही नाही. म्हणजे शत्रूच्या गोटात आता माझा माणूस आहे. योजना क्र. १० सुरू. स्कूटी धुतली. टूर्नामेंट संपली हे धुतल्यावर लक्षात आले.

१ ऑगस्ट, सकाळी ९.४०
बंदी उठली. बोटींची रांग. केरूकाकांनी वीस लाद्या बर्फ नेला. राग दिसला नाही. म्हणाले, वीस नीट लिही हां, मागल्या वर्षी लाद्या बोटीत चढल्या तरी तू लिहीतच होतास.
गर्दी ओसरल्यावर हिशेब केला. अठरा मीटर, एकटा, मीटरला तीन सेकंद: चोपन्न. बाकी होते साठ. म्हणजे एकटाही पोचायला हवा होतो. केरूकाकांचा दोष निघत नाही. सहा सेकंद शिल्लक राहायला हवेत.
वहीची मागची पाने पाहिली. २७ जुलैच्या योजनेखाली, घाईतल्या अक्षरात: चिराग बाद, ७.४२, फोन तापला, शत्रू चार.
फोनवर स्टॉपवॉच लावून तेच वाक्य पुन्हा लिहून पाहिले. आठ सेकंद.
दुसऱ्यांदा लिहिले. ऱ्हस्वदीर्घ तपासून नऊ.
बाहेर कोणीतरी केव्हापासून हाका मारतेय. बर्फ वितळतोय म्हणे. एवढे लिहून उठतो.