पाटीवर आकडा नाही

४ मे १९५७, शनिवार

आलो एकदाचे. हिशेबाच्या वहीची मागची पानं कोरी आहेत, वाया कशाला घालवायची, म्हणून रोजचं तिथंच लिहिणार आहे. माझ्या नवऱ्याला, ऑल्डनला, रस्ते खात्यात नोकरी लागली आणि नोकरीबरोबर हे घर. दोन खोल्या, पाण्याचा पंप स्वयंपाकघरातच, खिडकीतून खाडी दिसते. पाठ मोडून आली आहे, पण मन हलकं आहे. खाऱ्या वाऱ्याने डॉर्कसचा खोकला जाईल असं डॉक्टर म्हणालेत. पाच वर्षांची पोर, दोन हिवाळे अंथरुणात काढले तिने. यंदा देवाने ऐकलं म्हणायचं.

संध्याकाळी शेजारच्या मिसेस टटल भाजलेल्या बीन्सचं भांडं घेऊन आल्या. सत्तरी ओलांडलेली बाई. दारातूनच म्हणाल्या की पोरी, भांडं रिकामंच परत दे, गोडधोड भरून पाठवशील तर चावायला माझ्याकडे दात नाहीत.

७ मे, मंगळवार

फाटकालगत, रस्त्याच्या कडेला लोखंडी पाटी आहे. सोड्याच्या पाण्याने घासून काढली. ‘येथे सन १६२४ मध्ये या खाडीवरची इंग्रजांची पहिली वसाहत झाली. पहिल्या हिवाळ्यात पुष्कळ जण वारले.’ पुष्कळ म्हणजे किती? शाळेत मी असं उत्तर दिलं असतं तर बाईंनी कोपऱ्यात उभं केलं असतं.

मिसेस टटलनी सांगितलं की मेलेल्यांना पाटीमागच्या तुकड्यात पुरलं, जमीन सपाट केली आणि वर मका पेरला. आपण किती उरलो ते जंगलातल्या मूळच्या लोकांना कळू नये म्हणून. तेव्हापासून या घरात जी बाई येते तिने दर वर्षी तिथे मका पेरायचा. मुठीने फेकायचा, आभाळाकडे बघत. रांगा नाहीत, मोजणं नाही. मी हो म्हटलं.

१३ मे, सोमवार

ओकची पानं उंदराच्या कानाएवढी झाली, म्हणजे पेरणीची वेळ. मुठीने फेकायचं म्हणजे अर्धं बी कावळ्यांचं. माझ्याने ते होईना. वडील करायचे तसंच केलं. मातीचा लहान ढीग, पोटात खताला ओढ्यातला एक मासा, वर चार दाणे. सरळ रांगा. संध्याकाळी कंबर धरून उभी राहिले आणि मोजले. सेहेचाळीस. वहीत लिहून ठेवले.

डॉर्कस खिडकीतून मोजत बसते. वीसपाशी अडते. शेवटपर्यंत मोजशील तेव्हा मेपल साखरेचा खडा, असं कबूल केलं आहे.

१९ मे, रविवार

चर्चहून येताना मिसेस टटल फाटकातच थांबल्या. रांगा बघत राहिल्या. मोजलंस का, विचारलं. मी आकडा सांगितला तर हातांनी कान झाकून घेतले. म्हणाल्या, आग लागो तुझ्या नीटनेटकेपणाला. आपण किती ते त्या खालच्या मेलेल्यांना कुणी सांगितलंच नव्हतं, म्हणून गप पडून होते. आता तू बेरीज मांडलीस, तर बसतील राहिलेल्या जागा जित्या माणसांनी भरत. पुन्हा मोजलंस तर माझ्याशी गाठ आहे.

ऑल्डन हसला. म्हातारीला दात नाहीत, पण चावते बरी, म्हणाला. मला हसू आलं नाही. आजच चर्चमध्ये पाठ वाचला होता. राजाने प्रजा मोजली आणि देशात मरी आली.

२३ मे, गुरुवार

मोजायचे नव्हते. धुणं वाळत घालताना डोळे आपोआप फिरले. सत्तेचाळीस. माझी बेरीज चुकत नाही.

शेवटचा ढीग बाकीच्यांसारखा गोल नाही. लांबट आहे. त्यात मासा नाही, दाणे नाहीत. उकरून पाहिलं.

डॉर्कस तीसपर्यंत पोचली. खोकला कमी आहे.

२६ मे, रविवार

मिसेस टटल चर्चला आल्या नाहीत. घरी गेले तर खोकत होत्या. मला ओळखलं. मोजलंस, एवढंच म्हणाल्या. संध्याकाळी गेल्या. त्यांचं भांडं अजून माझ्याकडेच आहे.

२८ मे, मंगळवार

त्यांना माती देऊन आले. थकवा असा की टोपीसुद्धा काढवेना. दंताळं घेऊन तो लांबट ढीग सपाट केला. नीट झालं का बघायला मागे वळले आणि—

सवय. देवा, सवय.

अठ्ठेचाळीस. नवा ढीग पुरुषभर लांब. सपाट केलेलाही परत होता.

३१ मे, शुक्रवार

ऑल्डन खोकतो आहे. रस्त्यावरची धूळ म्हणतो. मी खिडकीला चादर लावली. डॉर्कस रडली, चाळीस येतात म्हणाली, खडा कधी देणार. आता मोजायचं नाही, बेटा, असं सांगितलं. का ते सांगता येईना. मीच शिकवलं ना.

४ जून

ऑल्डन काल रात्री गेला. सकाळी माती द्यायला नेलं. वहीतला सेहेचाळीस खोडला. खोडून काय होतं. त्यांना आता माहीत आहे.

ते किती होते? शंभर? कुठे थांबणार?

डॉर्कस बरी आहे. गालांवर रंग आलाय. तेवढं राखा, प्रभू. उरलेली जागा मी भरते.

६ जून

मला ताप. आवाज बसला. पाय उचलत नाहीत. पाद्रीबाबा डॉर्कसला दुपारी न्यायला येतो म्हणालेत, आपल्या बहिणीकडे. दुपारपर्यंत. फक्त दुपारपर्यंत—

चादर खाली पडली आहे.

ती खिडकीत. मला बरं वाटावं म्हणून मोजून दाखवते म्हणते. एकोणतीस, तीस. हाक मारते आहे, आवाज नाही. टेबल वाजवलं. तिला ती टाळी वाटली, हसली. चाळीस. किती छान म्हणते. न अडता—

अठ्ठेचाळीस.

थांबली. देवा, थांबली.

आई, एक इवलासा राहिलाय, म्हणते. माझ्याएवढा. तोही धरू का, विचारते. मान हलवते आहे मी, नाही, नाही, ती बाहेरच बघते, बोट वर—