घाट उतरताना भागवतचा हात

बुधवार, संध्याकाळ

पिकअपला उतारावर इंजिननंच गाडी रोखणारा एक्झॉस्ट ब्रेक बसवला तेव्हा भागवत टपरीवर माझ्या पाठीत थाप मारून हसला होता, "घाटाला भेतो व्हय रे?" तो स्वतः डिझेल वाचवायला न्यूट्रलवर उतरतो. आज दौलताबादच्या घाटात जनरेटरची ट्रॉली ओढणाऱ्या त्याच्या गाडीच्या ब्रेकमधून धूर निघाला. त्याची गाडी कडेला लावली, ट्रॉली मी माझ्या पिकअपला जोडली, त्याला शेजारी बसवलं. सेकंड गिअर टाकून एक्झॉस्ट ब्रेकचं बटण दाबलं आणि ब्रेकवरचा पाय मुद्दाम उचलून दाखवला. गुरगुरत इंजिननंच गाडी धरली.

"पाय ठेव की!" भागवत ओरडला. थाप मारणाऱ्या त्याच हातानं धरलेला डॅशबोर्ड त्यानं पार खालपर्यंत सोडला नाय.

लई झालं का माझं? झालं असंल. उद्या टपरीवर सगळ्यांसमोर विचारणार, "भागवत, हात दुखतो का रे?"