गिरजाबाईच्या ओट्यावरची भाकर

मंगळवार. उद्या अमावस्या.

आज पहाटेही गिरजाबाईच्या ओट्यावर भाकर-भाजी ठेवली आणि कोणाला न दिसता परत आलो. गावातली दोन जनावरं दगावली तेव्हापासून ही म्हातारी करणी करते, अशी बोंब आहे. तिला कोणी दुकानात उभं करत नाही. दान गुपचूप करावं, ही येशूची शिकवण. मी तीच पाळतो आहे, असं समजत होतो.

दुपारी पारावर पांडुभाऊ म्हणाला, "चूल पेटत नाई तिची, अन् रोज ताजी भाकर खाते बुढी. कोन आनून देते? मानूस तं दिसत नाई."

"भूत डबा पोचवून राह्यलं असन," कोणीतरी म्हणालं. सगळे हसले, पांडुभाऊ सोडून.

"उद्या तिले गावात ठेवाचं नाई," तो म्हणाला.

मी उठून घरी आलो. ती भाकर माझ्या घरची. मी लपवली ती प्रभूसाठी, की या माणसांना भिऊन? तीच आता तिच्या जिवावर उठली आहे.

बायकोला सांगितलं. मार्था म्हणाली, "मंग ते आपल्या दारावर येतीन." मग एक ताट जास्तीचं काढत म्हणाली, "घेऊन या तिले."

उजेड असतानाच गेलो. पारावरचे सगळे मागे आले.

"पांडुभाऊ, भाकर मीच ठेवत होतो."

"मंग तूबी तिच्यातलाच."

गिरजाबाईचा हात धरला आणि त्यांच्या मधूनच तिला घरी आणलं. ते कुंपणापाशी अजून उभे आहेत. ती आत जेवते आहे.