पितृपक्षात बंद ठेवलेला फोन

मेडनहेड,
कोजागिरीनंतरचा बुधवार

तीर्थरूप यमुनाआत्या यांस,

पुष्करचा साष्टांग नमस्कार. (नमस्कार मनापासून आहे. त्याच्यापुढचं सगळं रागाने लिहिलेलं आहे, तेव्हा आशीर्वाद आधी देऊन टाका आणि मग वाचायला घ्या.) तुमचे गुडघे काय म्हणतात? नागपुरातलं ऊन जरा उतरलं का? मोतीबिंदू काढल्यापासून तुम्हाला सगळं लख्ख दिसतं असं तुमची शाल्मली म्हणाली, ते फार बरं झालं, कारण मला बरंच लिहायचं आहे आणि अक्षर बारीक काढावं लागणार आहे. इकडे आम्ही ठीक आहोत. म्हणजे तुमची सून निधी ठीक आहे, नात सिया ठीक आहे, मला डॉक्टरने ब्लड प्रेशरची गोळी चालू केली आहे आणि बाबा कोणाशी धड बोलत नाहीत.

पत्र कशाला, असं विचाराल. अहो, व्हॉट्सअॅपवर मी तुम्हाला मेसेजवर मेसेज पाठवले, ते सगळे तुम्ही वाचलेत (निळ्या खुणा दिसतात आत्या, इंग्लंडमध्येसुद्धा दिसतात) आणि उत्तर एकाचंही नाही. पत्र मात्र तुम्ही शेवटपर्यंत वाचणार याची मला खात्री आहे. जन्मभर शाळेत मराठी शिकवलंत, भाच्याच्या चुका काढायची संधी तुम्ही कशी सोडाल? लहानपणी मी ब्रिस्टलहून सुट्टीला आलो की बाकीची पोरं आंबे खायची आणि मी तुमच्यासमोर शुद्धलेखन लिहीत बसायचो. त्याची फळं आता भोगा. मात्र मागच्या वेळेसारखं लाल पेनाने दुरुस्त करून पत्र परत पाठवू नका, निधीने ते फ्रिजवर लावलं होतं.

तर मुद्द्यावर येतो. आई गेल्यावर बाबा ब्रिस्टलचं घर विकून आमच्याकडे आले आणि दर रविवारी तुम्हाला फोन करायला लागले, तो खालच्या हॉलमधल्या लँडलाइनवरून. जिना उतरायचा, दाराच्या फटीतून वारा येतो तिथे स्टुलावर बसायचं आणि घरातल्या सगळ्यांच्या येण्याजाण्यात बोलायचं. व्हिडिओ कॉल त्यांना नको. समोर स्वतःचंच तोंड दिसत असताना मी बहिणीशी कसं बोलू, म्हणतात. तुम्ही दोघं बोलता काय, तर भेंडी, बद्धकोष्ठ आणि कोण गेलं. पण ‘दादा, तुला काही म्हणजे काही कळत नाही’ असं त्यांना तोंडावर सांगणारं माणूस जगात आता तुमच्याशिवाय उरलेलं नाही, आणि ते ऐकल्याशिवाय त्यांचा आठवडा सुरू होत नाही. म्हणून मी ठरवलं, त्यांना त्यांच्या खोलीत, त्यांच्या पलंगावर, दार लावून बोलता आलं पाहिजे. मोठ्या बटणांचा फोन बघितला, इंडियाला हवं तितकं बोलता येईल असं दोन वर्षांचं कॉन्ट्रॅक्ट बघितलं आणि त्यांच्याच नावाने घेतलं, म्हणजे त्यांनाही आपलं स्वतःचं काही आहे असं वाटावं. एवढाच माझा गुन्हा.

फोन आला तो नेमका भाद्रपदातल्या पौर्णिमेला. बाबांनी कौतुकाने लँडलाइनवरून तुम्हाला सांगितलं, आणि तुम्ही नागपुरात बसून हुकूम सोडलात की पितृपक्ष लागला आहे, घटस्थापनेपर्यंत बॉक्सला हात लावायचा नाही. मी परोपरीने सांगितलं की ऑर्डर गणपतीतच दिली होती, खरेदी शुभ दिवसांतली आहे, आलीय फक्त आत्ता. तुम्ही म्हणालात, विकत कधी घेतलं ते नाही बघायचं, वापरायला कधी काढलं ते बघायचं. हे कुठल्या पोथीत लिहिलंय आत्या? पितरांच्या काळात फोन होते का? बरं, बाबांनी तरी धुडकावून लावावं! ज्या माणसाने चाळीस वर्षं विमानाच्या कारखान्यात ड्रॉइंगं काढली आणि आजोबांच्या तिथीलासुद्धा कॅन्टीनमध्ये फिश अँड चिप्स हाणले, तो माणूस एकदम धार्मिक झाला. बॉक्स उचलून त्यांनी आपल्या खोलीतल्या कपाटावर ठेवला आणि मला म्हणाले, यमी म्हणते ना, मग राहू दे. मीही गाढव, गप्प बसलो. इथल्या कंपन्या वस्तू परत करायला चौदा दिवस देतात, आवडली नाही तर पैसे परत, कोणी का म्हणून विचारत नाही. ते चौदा दिवस सर्वपित्री अमावास्येला संपले. बॉक्स उघडला दुसऱ्या दिवशी सकाळी.

घटस्थापनेला निधीने त्या फोनला हळदकुंकू वाहिलं, सियाने फुलाची पाकळी ठेवली, बाबा नवा स्वेटर घालून पलंगावर बसले आणि त्यांनी तुमचा नंबर लावला. सिग्नल नाही. खिडकीशी नाही, जिन्यात नाही, किचनमध्ये नाही. आमचं घर पडतं खोलगट जागेत, त्या कंपनीचा सिग्नल आमच्या डोक्यावरून पलीकडच्या गोल्फ क्लबवर जातो म्हणे. अख्ख्या घरात फिरून झाल्यावर सिग्नल सापडला तो बागेच्या पार टोकाला, कौन्सिलच्या कचऱ्याच्या बिनांजवळ, तोही हिरव्या झाकणाच्या बिनाला पाठ लावून उभं राहिलं तर. बाबा उभे राहिले. कानटोपी, ड्रेसिंग गाऊन, निधीचे रबरी वेलिंग्टन बूट. शेजारचा माल्कम कुंपणावरून विचारायला लागला, तुझ्या वडिलांना घरात घेत नाही का? लाज वाटली हो मला.

आणि ज्या कॉलसाठी एवढा खटाटोप केला, त्यातच तुम्ही दोघं भांडलात. स्पीकर चालू होता, मी खिडकीतून ऐकलं, माल्कमने ऐकलं, मराठी कळत नसूनही त्याला सगळं कळलं. बाबा ओरडले की तुझ्या सोवळ्यापायी फोन परत करायची मुदत गेली. तुम्ही म्हणालात, कंपनीची मुदत मोठी की आपले आईवडील मोठे? त्यावर बाबा जे बोलले ते मी इथे लिहीत नाही, कारण तुमच्या हातात लाल पेन असेल. त्यांनी फोन ठेवला तो ठेवला. तुम्हीही मग केला नाहीत. दसरा झाला, सोनं कोणी कोणाला दिलं नाही. बहात्तर आणि अठ्ठ्याहत्तर वर्षांची माणसं तुम्ही, सिया आणि तिच्या मैत्रिणींची भांडणं याच्यापेक्षा लवकर मिटतात!

मग मी ते कॉन्ट्रॅक्ट मोडायला निघालो. (कंपनीचं नाव लिहीत नाही, नुसतं डोळ्यांसमोर आलं तरी माझं डोकं फिरतं.) आधी फोन होल्डवर धरून तासभर सनई ऐकावी तसा त्यांचा पियानो ऐकला. मग एक पोरगी आली, आवाजावरून सियापेक्षा दोनचार वर्षांनी मोठी. म्हणाली, बॉक्स उघडलात त्याच्या आदल्या दिवशीच मुदत संपली आहे, आता अर्ली टर्मिनेशन फी पडेल, तीनशे बारा पौंड. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. अरे, फोन लागत नाही घरात! तर म्हणे, बागेत लागतो असं तुम्हीच सांगितलंत. शेवटी मी पितृपक्ष समजावून सांगायचं ठरवलं. म्हटलं, बाई, आमच्यात पंधरवडा असतो, त्यात गेलेल्या माणसांची आठवण करतात, त्यामुळे बॉक्स उघडता आला नाही. ती एकदम हळवी झाली. माझ्या दुःखात सहभागी आहे म्हणाली आणि तिने मला शोक विभागात जोडून दिलं.

हो, असा विभाग असतो. तिथे गिऱ्हाईक मेलं तर फी माफ होते. तिथल्या गृहस्थाने अत्यंत मृदू आवाजात विचारलं, कोण गेलं? मी म्हटलं, आजोबा. कधी? मी म्हटलं, एकोणीसशे चौऱ्याहत्तर. फोन त्यांच्या नावावर होता का, असं त्याने विचारलं आणि मी ‘नाही, वडिलांच्या’ म्हणालो, तर हा वडिलांचंच डेथ सर्टिफिकेट मागायला लागला. फोन स्पीकरवर होता, बाबा समोर बसून उपमा खात होते. ते म्हणाले, सांग गेलो म्हणून, तीनशे पौंड वाचतील. निधी किंचाळली, अभद्र बोलू नका. त्या गृहस्थाला वाटलं, घरात रडारड चालू झाली. त्याने मला पाणी प्यायला सांगितलं.

परत पहिली पोरगी. अकाउंट बाबांच्या नावावर, तेव्हा त्यांनीच परवानगी द्यायला हवी, म्हणून फोन बाबांकडे दिला. जन्मतारीख सांगितली, पोस्टकोड सांगितला, आणि तिने सवयीने विचारलं की आणखी काही मदत हवी का. तर बाबांनी काय विचारावं? तुला भाऊ आहे का? ती म्हणाली, आहे, लीड्सला असतो. मग त्याला फोन करतेस का? ती म्हणाली, फारसा नाही. बाबा म्हणाले, करत जा. मी ओरडून ओरडून घसा बसवला तेव्हा जी हलली नाही, ती पोरगी रडवेल्या आवाजात सॉरी म्हणाली, पण फी सोडायचं बटणच तिच्या स्क्रीनवर नव्हतं. मी कार्ड नंबर दिला आणि पैसे भरले. आता फोन कापला गेला आहे, कॉन्ट्रॅक्ट मिटलं आहे आणि आम्ही सगळे जिथे होतो तिथे परत लँडलाइनवर आलो आहोत.

एवढं सगळं तुमच्यामुळे झालं असं माझं स्पष्ट मत आहे, आणि ते मी तुमच्या पाया पडून सांगतो. मोठ्यांना नमस्कार, शाल्मलीवर मी रागावलेलो नाही म्हणून तिला कळवा.

तुमचा, अजून तरी तुमचाच, भाचा
पुष्कर

ता.क. तीनशे बारा पौंडांचे रुपये करून बघू नका. मी केले, आणि मग गोळी घ्यावी लागली.

ता.क. आणखी एक. पैशांसाठी हे लिहिलेलं नाही. दर रविवारी नेहमीच्या वेळेला बाबा जिना उतरतात, स्टुलावर बसतात, फोनकडे बघतात आणि उठून वर जातात. कालपरवा सियाने मला येऊन तिच्या मोडक्या मराठीत सांगितलं, ‘आजोबाची चहा थंड झाली, ती पीत नाही.’ मला हे बघवत नाही आत्या. भाऊबीजेला तुम्ही फोन करा. बॉक्सचा विषय काढू नका, फीचा काढू नका, भेंडीपासून सुरुवात करा. आणि मी सांगितलं हे त्यांना अजिबात कळू देऊ नका.

यमे,

पुष्करने पाकीट चिकटवून दाराशी ठेवलं होतं, सकाळी पोस्टात टाकायला. मी किटलीच्या वाफेवर उघडलं. त्याला कळायचं नाही, पुन्हा चिकटवतो आहे. फोनचा बॉक्सही मी असाच, तो आला त्याच्या दुसऱ्याच दिवशी उघडला होता, घरात कोणी नसताना. पहिला फोन तुला लावला. लागेना. मला वाटलं, तू नको म्हणालीस आणि मी हात लावला, म्हणून लागत नाही. घटस्थापनेला लागेल असं समजून टेप मारून वर ठेवून दिला. मी, चाळीस वर्षं विमानांत काम केलेला माणूस! तेव्हाच बोललो असतो तर फुकटात परत गेला असता. पुष्करला हे सांगू नकोस, त्याला गोळ्या पुरायच्या नाहीत. बिनांपाशी ओरडलो तो खरा माझ्यावरच ओरडलो, ऐकायला तू होतीस.

भाऊबीजेची वाट बघू नकोस. पत्र मिळालं की फोन कर. मी करणार नाही, मी मोठा आहे.

दादा